यायलेय, सरका जरा

घराला स्वतःच्या हातानं कुलूप घालून गेलेली बाई परत येते, कुलूप काढते आणि आत पाऊल टाकण्याआधी दाराची कडी दोनदा वाजवून म्हणते, "यायलेय, सरका जरा." घरात कुणी नसतं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा हैदराबादला. मी खोली बघायला आलो होतो आणि बाईंच्या मागे पायरीवर उभा होतो. ह्यांच्या डोक्यात थोडा फरक आहे की काय, अशी शंका मला आली. पण खोली उजेडाची होती, आणि चिंताकीसारख्या बीदरकडच्या खेड्यात दुसरी मिळत नव्हती.

त्या सुभद्राक्का. गावच्या शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधायच्या. साठीला टेकलेल्या, उंच, काटक. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून नवा आलो होतो. घर बौद्ध गल्लीत होतं. "डाक्टर, तिकडं कामून ऱ्हायलाव?" असं गावातल्या दोघांनी मला आडून विचारलं. म्हैस अडली की ह्याच गल्लीत ते धावत येणार होते, म्हणून उत्तर द्यायचे कष्ट मी घेतले नाहीत.

आता माझं गुपित सांगून टाकतो. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालताना मला काही वाटत नाही. मारका बैल मी वेसणीला धरून उभा करतो. पण पाल दिसली की माझे पाय जागच्या जागी थिजतात. ती विषारी नसते, माणसाच्या वाटेला जात नाही, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले आहेत. माझ्या भीतीनं तो पेपर वाचलेला नसावा.

राहायला आल्याच्या दुसऱ्या सकाळी दाढी करताना आरशामागून एक पाल निघाली. मी बोंब ठोकत जो पळालो तो थेट अंगणात येऊन थांबलो. एका गालावर फेस, एका हातात वस्तरा. अंगणात मला बोलवायला आलेला एक शेतकरी उभा होता. आदल्याच दिवशी त्याच्या खोंडाला मी एकट्यानं आडवं पाडलं होतं. काय झालं ते कळल्यावर तो गडी गुडघ्यावर हात ठेवून हसायला लागला.

अक्का चुलीपुढून उठून आल्या. त्यांनी खराट्याची मूठ भिंतीवर हलकेच आपटली, पाल सरसर वर गेली. मग त्या शेतकऱ्याकडे वळल्या. "हासायलास कामून रं? वड्याला पानी आलं की तू बैलाचं शेपूट धरून डोळे झाकतुस. मी हासले का कवा?" गड्यानं हसू आवरलं. मला फक्त एवढंच म्हणाल्या, "उजवा गाल ऱ्हायलाय, डाक्टर." त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नव्हता. एरवी ही बाई खळखळून हसणारी. टीव्हीवरच्या बातम्यांनाही हसायची. माझ्या ह्या भीतीला मात्र त्या दोन वर्षांत एकदाही हसल्या नाहीत. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

त्यांच्या घरात प्रत्येक खोलीच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीच्या उंचीवर, चारी बाजूंनी एक निळा पट्टा होता. दरवर्षी चुना मारला की चुन्यात नीळ कालवून त्या तो स्वतः ओढायच्या. मला वाटलं शोभेचा असेल. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "पट्ट्याच्या वर त्यांचं, खाली आपलं." सीमाभागातली बाई, सीमा आखल्याशिवाय राहील कशी!

"पण अक्का, पालीला कुठं कळतंय?"

"तिला न्हाई कळत. मला कळतंय की. तिच्या हद्दीत ती दिसली की मी बोंबलत न्हाई. आर्धा तरास तिथंच कमी होतोय."

कडी वाजवण्याचं कोडंही मग सुटलं. अंधाऱ्या खोलीत जाताना, न्हाणीत शिरताना, सरपण काढताना, सगळीकडे आधी दोन ठोके आणि "यायलेय, सरका जरा." सरपणाखाली विंचू असायचा, न्हाणीच्या मोरीत झुरळं, चौकटीवर पाल. अचानक कुणी घुसलं की जनावर भितं आणि भ्यालं की अंगावर येतं, हे त्यांचं म्हणणं. जनावरांचा डॉक्टर म्हणून मला त्यात खोट काढता आली नाही.

त्या संत वगैरे नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. रविवारी विहारात जाऊन हात जोडून जीवहत्या न करण्याचं शील घ्यायच्या आणि सोमवारी उकळतं पाणी बाजेच्या सांध्यात ओतून ढेकणांचं निर्दालन करायच्या. मी छेडलं की म्हणायच्या, "शील घिताना माज्या मनात ढेकूण नसतुय, डाक्टर. ते माणसाचं रगत पितंय. त्याचं न् माजं काई ठरलेलं न्हाई." झुरळ ताटाजवळ आलं की त्यांची चप्पल सुटलीच म्हणून समजा. मोरीत मात्र त्याला अभय होतं.

शाळेत एकदा कुणी साहेब तपासणीला आले. स्वयंपाकाच्या खोलीत भिंतीवर पाल दिसली. साहेब दारातच थांबले. "हे काय? मुलांच्या जेवणात पडली तर?" मुख्याध्यापकांना घाम फुटला. अक्कांनी साहेबांना बोटानं आत बोलावलं आणि एकेक भांडं दाखवलं. भाताचं पातेलं झाकलेलं, वर दगड. सांबाराचं झाकलेलं, वर दगड. पाण्याच्या पिंपाला झाकण, झाकणाला फडकं बांधलेलं. तांदळाच्या कोठीत कडुलिंबाचा पाला, एक किडा-टोका सापडायचा नाही.

"भिंत तिची, झाकण माजं," अक्का म्हणाल्या. "झाकण उगडं सापडलं तर मला घरी पाटवा, सायेब. तिला बोल लावू नका."

साहेबांनी पाटावर बसून दोन वाढणं भात खाल्ला, असं मुख्याध्यापक पुढं कित्येक दिवस सांगत होते. अक्कांनी तो विषय परत काढला नाही.

उंदराची गोष्ट मात्र त्या स्वतः रंगवून सांगायच्या. ज्वारीच्या कणगीला एका उंदरानं भोक पाडलं. अक्कांनी पिंजऱ्यात भजं लावून त्याला धरलं आणि ओढ्यापलीकडे दिराच्या शेतात सोडून आल्या. दिराशी बांधावरून वाकडं होतं, तेव्हा भूतदया आणि सूड दोन्ही एका फेरीत झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा उंदीर. तोच की दुसरा? अक्कांनी त्याच्या पाठीवर निळीचं बोट ओढलं आणि पुन्हा दिराच्या शेतात. चार दिवसांनी मी दवाखान्यातून आलो तर अंगणात पिंजरा, पिंजऱ्यात निळ्या पाठीचे महाराज भज्यावर ताव मारत बसलेले.

"बगा डाक्टर," अक्का म्हणाल्या, "वडा वलांडून, कुत्री-मांजरं चुकवून आपलं घर हुडकत आला. कुनी फोन केला न्हवता. आन माज्या पोराला..." आणि हसत हसत त्या एकदम थांबल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी आणली. खायला मिळेना तसा उंदीर आपणहून गेला. पण ते अर्धं राहिलेलं वाक्य माझ्या कानात राहिलं.

मुलगा मिलिंद वाईट नव्हता. दर रविवारी फोन करायचा. सून प्रज्ञा, नात तनू, सहा वर्षांची. वर्षातून एकदा ते मोटारीनं यायचे, अंगणात खुर्च्या टाकून बसायचे, जेवणसुद्धा अंगणातच, आणि ऊन उतरायच्या आत बीदरला प्रज्ञाच्या मावशीकडे मुक्कामाला जायचे. तनू आजीच्या घरात एकदाही झोपली नव्हती. अंगणातल्या लिंबाच्या आडव्या फांदीला अक्का दर नागपंचमीला नवा दोर बांधून झोका करायच्या. आठ दिवस तो झोका रिकामा हलायचा आणि मग दोर सोडून घडी करून कोनाड्यात जायचा. नातीनं एकदा आपल्या घरात राहावं, एवढंच त्या बाईला हवं होतं.

त्या वर्षी येळवस जवळ आली. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्या भागात अख्खं गाव शेतावर जेवायला जातं, तो सण. मिलिंदचा फोन आला. घरातल्या पाली, झुरळं सगळं साफ झालं तर प्रज्ञा दोन दिवस राहायला तयार आहे. अक्का फोन ठेवून बराच वेळ त्या निळ्या पट्ट्याकडे बघत बसल्या.

खरं सांगायचं तर ह्यात माझाही स्वार्थ होता. मीच म्हणालो, "अक्का, बीदरहून औषध मारणारा बोलवू. एका दिवसाचं काम." फोनही मीच लावला. तो माणूस पाठीवर टाकी, तोंडाला फडकं बांधून आला आणि त्यानं घराचा कोपरान् कोपरा भिजवला. दार उघडलं तेव्हा मोरीतली झुरळं भरदुपारी बाहेर येऊन पाय झाडत उताणी पडली होती. भिंतीच्या कडेनं पाली पडल्या होत्या. अक्कांनी त्या सुपात गोळा केल्या, लिंबाखाली खड्डा केला आणि माती लोटली. मी लांब उभा होतो. आयुष्यभर ज्यांचं मरण मागितलं त्यांना सुपात बघून मला आनंद होईल असं वाटलं होतं, तो काही झाला नाही.

"नातीसाटी," अक्का हात धूत म्हणाल्या. मला म्हणाल्या की स्वतःला, ते कळलं नाही.

त्यांनी फरशी तीनदा धुतली तरी वास जाईना. येळवशीच्या आदल्या दिवशी प्रज्ञाचा फोन आला. कोणतं औषध मारलं, असं तिनं विचारलं. मी डब्यावरचं नाव वाचून दाखवलं. मग कळलं की तनूला दम लागतो. तिच्या डॉक्टरांनी घरात उदबत्तीसुद्धा लावू नका म्हणून सांगितलंय. ह्या वासात तिला आणता येणार नाही. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

"नातीला दम लागतोय," अक्का म्हणाल्या, "हे मला आज कळालं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानं थांबवलं. "तुमी भ्याला म्हणून केलाव. मी काय म्हणून केले?"

येळवशीला आम्ही दोघंच शेतावर गेलो. त्यांचं दीड एकराचं रान, त्यात कडब्याची खोप. पूजाअर्चा त्यांच्या घरात कधीच बंद झालेली. पण आंबील आणि भज्जी, म्हणजे त्या दिवशीचं सगळ्या भाज्या-शेंगांचं कालवण, त्याचा पहिला वाटा शेतभर शिंपडायचा, त्याला चर म्हणतात, तो त्यांनी सोडला नव्हता. "देव सोडले, माती कशी सोडू?" म्हणायच्या. मुंग्या, पाखरं, बिळातली, दगडाखालची, सगळ्यांचा त्यात वाटा. तो दिला की मग माणसानं जेवायचं. त्या दिवशी त्या भराभरा शिंपत गेल्या.

घरी आल्यावर त्यांनी कडी वाजवली नाही. सरळ आत गेल्या. मी हे त्यांच्याकडून पहिल्यांदाच बघत होतो. उरलेली चमचाभर भज्जी त्यांनी चौकटीवर ठेवली. हा त्यांचा स्वतःचा रिवाज होता. शेतातल्यांना वाटा, तर घरातल्यांनी काय पाप केलं? पाल भज्जी खात नाही हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. दरवर्षी त्या म्हणायच्या, भज्जी मुंग्या खातील आणि मुंग्या ती खाईल. ह्या वेळी म्हणाल्या, "आज वर कुनीच न्हाई." आणि पायरीवर बसून त्यांनी मला ते सांगितलं.

लग्न होऊन दुसऱ्या दिवशी प्रज्ञा न्हाणीत गेली होती. वरून पाल खांद्यावर पडली. पोरगी किंचाळत ओल्या केसांनी अंगणात आली. गल्ली जमली. पंचांग सोडून ह्या लोकांना वर्षं झालेली, पण पालीचा शकुन कुणाच्या डोक्यातून गेला नव्हता. डावा खांदा की उजवा, ह्यावर बायकांचा वाद सुरू झाला. एकीनं पुन्हा डोक्यावरून पाणी घ्यायला सांगितलं.

"आन मी हासले, डाक्टर. पोट धरून हासले. लेकरू थरथरायलं हुतं, त्याच्या अंगावर मी पदर टाकायचा, आन मी हासले. सगळ्यांत मोठ्यानं मीच. तवापास्नं ती ह्या घरात बसली न्हाई. मिलिंद म्हनतोय पालीला भिती. पालीला न्हाई भीत ती. त्या हासण्याला भिती."

मला माझा तो फेस लावलेला गाल आठवला, आणि ह्या बाईचा तो दगडासारखा चेहरा.

"मग हे तिला सांगा ना," मी म्हणालो.

"सात वर्सं झाली की."

"म्हणून काय झालं?"

त्या उठल्या, पदरानं चष्मा पुसला आणि फोन घेऊन आत गेल्या. मी सभ्य माणसासारखा अंगणात लिंबाखाली जाऊन उभा राहिलो, पण कान काही सभ्य नव्हते. "प्रज्ञा, त्या दिशी मी हासले, ते चुकलं बग," एवढं ऐकू आलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

"काय म्हणाल्या?"

"काई न्हाई. रडली. मग इचारली, तुमच्याकडं मच्छरदाणी भेटती का म्हणून."

चिंताकीत मच्छरदाणी भेटते, पण लहान. अक्का तालुक्याला, औरादला गेल्या आणि सगळ्यांत मोठी घेऊन आल्या, चौघं झोपतील एवढी. उन्हाळाभर दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून त्यांनी घराचा वास घालवला. तनूला कशानं दम लागतो हे प्रज्ञाला फोन करून विचारायच्या, मग चुलीचा धूरही परसात गेला. आता दर रविवारच्या फोनवर मिलिंदपेक्षा प्रज्ञाच जास्त बोलायची. भिंतीला नवा चुना, नवा निळा पट्टा झाला. मृगात दिव्याभोवती पाखरं आली आणि त्यांच्यामागून एका सकाळी माझ्याच खोलीत, पट्ट्याच्या वर, पहिली पाल आली. बारीक, पारदर्शक, नखाएवढ्या पोटाची. मी ओरडलो. पण ओरडून झाल्यावर पळालो नाही, एवढी प्रगती. अक्कांना सांगायला गेलो तर त्यांनी पोळीचा तवा उतरवून ठेवला आणि बघायला आल्या. कितीतरी वेळ मान वर करून बघत होत्या.

श्रावणात माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी, ऐन पंचमीला, हैदराबादची मोटार आली आणि ह्या वेळी डिकीतून बॅगा उतरल्या. प्रज्ञा उंबऱ्यापाशी थबकली. अक्कांनी तिला पट्टा दाखवला. "वरचं त्यांचं, खालचं आपलं. आन ह्या जाळीतलं फकस्त तुजं. इथं मीबी इचारल्याबिगर येनार न्हाई." प्रज्ञानं जाळीला हात लावून बघितला. मग पर्स आत नेऊन बाजेवर ठेवली.

माझं सामान दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपोत चढत होतं. तनू लिंबाच्या झोक्यावर होती, मिलिंद झोका देत होता. रात्रभर नीट झोपली, दम लागला नाही, हे तिनं मला दोनदा सांगितलं. अक्का परसातल्या चुलीवर पाणी तापवत होत्या. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तेवढ्यात प्रज्ञा टॉवेल घेऊन न्हाणीकडे निघाली.

दाराशी ती थांबली. इकडे तिकडे बघितलं. मग तिनं कडी दोनदा वाजवली आणि हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "येतेय, सरका जरा."

अक्कांचा हात माझ्या डोक्यावर तसाच राहिला.

दार लागलं. क्षणभर काही नाही. आणि मग आतून एक किंकाळी आली. झोका थांबला. मिलिंद धावला. अक्कांनी दोन्ही हातांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळे गच्च मिटून घेतले. मी त्यांच्याकडे बघत होतो. ती बाई श्वाससुद्धा घेत नव्हती.

आणि आतून हसू आलं. आधी एक फुसका आवाज, मग खळखळून. "आत्याबाई, पट्ट्याच्या वरच आहे हो! वरच आहे! मीच उगीच..." प्रज्ञा हसत होती, पाणी सांडत होतं, शब्द धड फुटत नव्हते.

तेव्हा कुठं अक्कांनी तोंडातला पदर काढला. आणि सात वर्षं दाबून ठेवलेलं ते हसू त्यांनी अंगणभर मोकळं सोडलं.